साडेतीन-साडेआठचं दूध आणि पॅरिसचं चाक

सांगलीत विश्रामबागेला माझे थोरले भाऊ-वहिनी राहतात. वहिनी बँकेत आहेत आणि त्यांचा बेकिंगचा हात घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नानकटाई, रव्याचा केक, मुलांच्या वाढदिवसाचे केक, सगळं बिनचूक. गेल्या मे महिन्यात आईला पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. पुतणीनं पुण्याहून एका व्यावसायिक पेस्ट्री शेफचं जाडजूड पुस्तक पाठवलं होतं. त्यातलं पॅरिस-ब्रेस्ट, म्हणजे क्रीम भरलेलं कड्याच्या आकाराचं फ्रेंच पक्वान्न, आईच्या वाढदिवसाला करायचं, असं वहिनींनी ठरवलं. आधी रंगीत तालीम झाली. कडं ओव्हनमधून बाहेर येताच बसलं, क्रीम रात्रीत पातळ झालं आणि प्रालिनचा, म्हणजे दाणे-कॅरॅमलच्या पेस्टचा, मिक्सरमध्ये चिकट गोळा झाला. मग मला फोन. "भाऊजी, तुम्ही दिवसभर दुधाच्या परीक्षा घेता ना? आता माझ्या क्रीमची घ्या."

मी डेअरीच्या लॅबमध्ये काम करतो. मला केक येत नाही. त्यामुळे मी सल्ला दिला नाही, तपासणी केली: काय घातलं, किती घातलं, किती तापलं, किती वेळ. त्या तपासणीतून जे हाती आलं ते इथे सविस्तर मांडतोय. कारण अशी पुस्तकं आता घरोघरी येऊ लागली आहेत आणि फसणाऱ्या माणसाला वाटतं आपल्या हातालाच गुण नाही. इथे हाताचा दोष फार थोडा होता. पुस्तकातले काही आकडे पदार्थ उभा ठेवतात आणि काही फक्त चवीचे असतात. वहिनींनी उभं ठेवणारे आकडे बिनधास्त बदलले आणि चवीच्या आकड्यांना हात लावायला मात्र घाबरल्या. घरी करणाऱ्या बहुतेकांचं असंच होतं, असं माझं मत झालंय.

पदार्थ आणि पुस्तक

पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत यायचं, म्हणजे सुमारे १२०० किलोमीटर, अशी सायकल शर्यत १८९१ साली सुरू झाली. पॅरिसजवळच्या मेझों-लाफीत गावातल्या लुई द्युराँ या पेस्ट्रीवाल्यानं १९१० मध्ये त्या शर्यतीवरून सायकलच्या चाकाच्या आकाराची पेस्ट्री केली, ती ही. वर बदामाचे काप लावलेलं पोकळ, खुसखुशीत कडं आडवं कापायचं आणि त्यात भाजलेल्या हेझलनट-बदामाच्या प्रालिनचं, लोण्यानं फेटलेलं क्रीम भरायचं. चार पदार्थ आहेत आणि चारही घरात करता येतात. जिलेटिन लागत नाही, साचा लागत नाही, चॉकलेटचं टेंपरिंग नाही. वहिनींची निवड त्या अर्थानं शहाणपणाची होती.

पुस्तक मात्र हॉटेलच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेलं. त्यात अंडीसुद्धा ग्रॅममध्ये. प्रालिन हवं तर अमुक पान, क्रीम हवं तर तमुक पान, आणि त्या पानावर गेलं की तिसऱ्याच पानाचा पत्ता. अशा पुस्तकात 'का' फारसं लिहिलेलं नसतं, कारण शिकणारा पोरगा शेफच्या शेजारी उभा आहे हे गृहीत असतं. खोली एसीची, ओव्हन पंख्याचा, फ्रीज माणूस आत जाईल एवढा. आपल्याकडे ओटीजी हा छोटा टेबलावरचा ओव्हन, फ्रीजमध्ये आंब्याच्या फोडी, पन्ह्याची बाटली नि विरजणाचं भांडं, आणि दुपारी दोन वाजता स्वयंपाकघरात सदतीस-अडतीस अंश.

कडं का बसलं

कडं ज्या पिठाचं करतात त्या शू पेस्ट्रीचं प्रमाण असं होतं: पाणी १२५ ग्रॅम, दूध १२५, बटर १००, मैदा १५०, अंडी २५०, चिमूटभर मीठ-साखर. वीस सेंटिमीटरची दोन कडी होतात.

पहिला अर्धा भाग म्हणजे चक्क उकड. पाणी, दूध, बटर खळखळून उकळायचं, मैदा एकदम ओतायचा, जोरात ढवळायचं आणि आचेवरच गोळा परतायचा. उकडीचे मोदक करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागत नाही. वहिनींनी पातेल्याच्या तळाला पातळ पापडी धरेपर्यंत गोळा परतला होता, आणि तेवढंच हवं असतं. इथे पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो. ते पाणी पुढे ओव्हनमध्ये वाफ होऊन कडं फुगवतं. पाण्याची वाफ झाली की आकारमान सोळाशे-सतराशे पटीनं वाढतं. बेकिंग पावडर, सोडा काही लागत नाही ते यामुळेच.

चूक अंड्यांत निघाली. पुस्तकात २५० ग्रॅम, वहिनींनी हिशेब केला पन्नासाचं एक, म्हणजे पाच. पन्नास ग्रॅम हे युरोपातल्या अंड्याचं कवच काढून वजन. आपल्या दुकानातलं अंडं कवचासकट पन्नास-पंचावन्न ग्रॅम भरतं आणि दहा-अकरा टक्के वजन कवचातच जातं. पाच अंड्यांत वीस-पंचवीस ग्रॅम कमी पडले. पीठ घट्ट राहिलं, कडं वेडंवाकडं तडकलं. अंडी फोडून, फेटून, काट्यावर मोजायची. शेवटची तीस-चाळीस ग्रॅम थोडी थोडी घालायची आणि चमचा उचलून बघायचं: पीठ लगेच सुटून पडलं तर पातळ, अडून राहिलं तर घट्ट. चमच्याखाली त्रिकोणी जीभ लोंबून सावकाश सुटली की थांबायचं. प्रत्येक मैद्याची पाणी पिण्याची ताकद निराळी असते, म्हणून ही जीभ काट्याइतकीच महत्त्वाची. आणखी एक: गोळा साठ अंशांच्या खाली आल्याशिवाय अंडं घालायचं नाही, नाहीतर ते शिजून दाणे धरतं. मे महिन्यात पातेल्यात तो लवकर निवत नाही. परातीत पसरला की काम होतं.

पण घट्ट पिठानं कडं बसत नाही. बसण्याचं कारण ओटीजी. डायल १८० वर ठेवलेली होती. मी लॅबमधला थर्मामीटर नेऊन आत ठेवला तर वरच्या बाजूला दोनशेच्या पुढे. वरचा रॉड कड्याच्या डोक्यावर जवळ, त्यामुळे पंचविसाव्या मिनिटाला छान तांबूस रंग आला. पुस्तकात चाळीस मिनिटं लिहिली होती. वहिनींनी रंग बघून बाहेर काढलं. वरून भाजलेलं, आत ओलं. बाहेर येताच आतली वाफ थंड होऊन पाणी झाली आणि ओल्या भिंतींना भार पेलला नाही.

उपाय फार साधा निघाला. ट्रे सगळ्यात खालच्या खाचेत, डायल १६५ च्या आसपास, पहिली पंचवीस मिनिटं दार उघडायचं नाही म्हणजे नाही. रंग आल्यावर आच आणखी कमी करून पंधरा-वीस मिनिटं, शेवटची पाच-सात मिनिटं दाराच्या फटीत लाकडी चमचा अडकवून, म्हणजे वाफ निघून जाते. सगळं दूध काढून निव्वळ पाणी घातलं तर कडं जास्त कुरकुरीत होतं, दुधानं रंग आणि मऊपणा येतो. वहिनींनी पुढे तीन भाग पाणी, एक भाग दूध केलं, आणि ओटीजीसाठी ते मला पटलं, कारण रंग सावकाश येतो आणि आतून वाळायला वेळ मिळतो.

दुसऱ्या खेपेला कडं ओव्हनमध्ये असतानाच वळीव आला आणि वीज गेली. त्यावर माझ्याकडे उपाय नाही. ते कडं चहाबरोबर खाल्लं.

रात्रीत पातळ झालेलं क्रीम

हे सगळ्यात गमतीचं प्रकरण, आणि वहिनींचा सगळ्यात जास्त जीव यातच अडकला होता. रात्री नऊ वाजता क्रीम घट्ट, चमचा उभा राहील असं. सकाळी झाकण उघडलं तर बासुंदी. त्यांचा संशय फ्रीजवर. भावाचा संशय दुधावर. "म्हशीचं दूध होतं, पातळ कसं होईल?" हा त्याचा मुद्दा बरोबर होता.

क्रीमचं प्रमाण: दूध ५००, अंड्याचा बलक १००, साखर १२५, कॉर्नफ्लॉवर ४५, हे शिजवायचं. मग बटर २५०, त्यातलं निम्मं क्रीम गरम असताना आणि निम्मं थंड झाल्यावर फेटून. शेवटी प्रालिन २००.

मी विचारलं, शिजवताना बुडबुडे आले का? "नाही ओ, घट्ट व्हायला लागल्याबरोबर उतरवलं. अंडं फाटलं तर?" तिथेच उत्तर मिळालं. अंड्याच्या बलकात अमायलेझ नावाचं एन्झाइम असतं, स्टार्च तोडणारं. क्रीम नुसतं घट्ट होण्याइतकं तापवलं तर ते मरत नाही, आणि रात्रभर शांतपणे कॉर्नफ्लॉवरची वीण उसवत बसतं. क्रीम उकळून, मध्यभागी जाड बुडबुडे फुटायला लागल्यावर सतत ढवळत निदान एक मिनिट शिजवलं की ते निकामी होतं. अंडं फाटण्याची भीती साध्या अंड्याच्या कस्टर्डला खरी आहे. ते ऐंशी अंशांच्या पुढे गेलं की फाटतं. पण कॉर्नफ्लॉवर असलं की तो अंड्याच्या प्रथिनांना एकमेकांना चिकटू देत नाही आणि क्रीम उकळी सहन करतं.

वहिनींना ही सवय लागली कशी, तेही उघड आहे. आपण सगळे कस्टर्ड पावडरवर वाढलो. आल्फ्रेड बर्ड या इंग्रज माणसानं १८३७ मध्ये ती काढली, बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. त्यात नुसता स्टार्च, अंडं नाही, एन्झाइमही नाही. घट्ट झालं की उतरवलं तरी सकाळी तसंच. त्या सवयीनं बलकाचं क्रीम उतरवलं की सकाळी बासुंदी.

जाता जाता एक गोष्ट. लाळेतही अमायलेझ असतं. चव घेतलेला चमचा परत पातेल्यात घातला की तेवढ्यानंही क्रीम सैल पडू शकतं. आईचा उष्ट्याचा नियम मी लहानपणापासून नाक मुरडत पाळत आलोय, त्याला लॅबचा असा भक्कम आधार निघेल असं वाटलं नव्हतं.

आता दूध. वहिनींकडे रतीबाचं म्हशीचं दूध येतं, त्याला फॅट सात लागते. पुस्तकातलं 'होल मिल्क' म्हणजे युरोपातलं साडेतीन फॅटचं. म्हणजे आपल्याकडे गाईच्या दुधाचा दर ज्या मापावर काढतात ते, साडेतीन-साडेआठ: साडेतीन टक्के फॅट, साडेआठ टक्के एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक. संकलन केंद्रावरच्या कुठल्याही माणसाला झोपेत विचारलं तरी हे आकडे सांगेल. फ्रान्सच्या पुस्तकातलं दूध आणि आमच्या केंद्रावरचं दूध एकच आहे हे कळल्यावर मला उगाच आनंद झाला. म्हशीच्या दुधानं क्रीम जड होतं, तळाला लवकर लागतं, आणि पुढे पाव किलो बटर जायचंय त्यात आणखी फॅटची भर पडते. गाईचं दूध नसेल तर पिशवीतलं टोन्ड, तीन फॅटचं, चालतं. सांगलीत पाहुण्यांसाठीच्या पदार्थाला टोन्ड दूध वापरलं हे बाहेर सांगू नये, एवढीच काळजी घ्यायची.

बटरचा गोंधळ दुहेरी होता. कड्याला वहिनींनी दुकानातलं पिवळं खारं बटर घातलं आणि क्रीमला, आईच्या दिवशी सगळं घरचं हवं म्हणून, सायीचं लोणी. लोणी ताजं होतं, वासही सुरेख. पण कायद्यानं टेबल बटरमध्ये निदान ८० टक्के फॅट आणि फार तर १६ टक्के पाणी असावं लागतं. घरच्या लोण्याला असा कायदा नाही. मी शंभर ग्रॅम लोणी मंद आचेवर तडतड थांबेपर्यंत कढवून तूप-बेरीसकट वजन केलं. वीस टक्क्यांच्या वर पाणी निघून गेलं होतं. हे जादा पाणी क्रीममध्ये सुटतं आणि क्रीम फुटतं. ही परीक्षा घरी कुणालाही करता येते, काटा तेवढा हवा. शिवाय घरचं लोणी विरजणाचं, थोडं आंबूस, ते चवीला चांगलंच आहे. फ्रान्समध्येही विरजलेल्या सायीचं लोणी मानाचं. म्हणून मी ते बाद केलं नाही. बर्फाच्या पाण्यात धुऊन, तळव्यानं दाबून दाबून पाणी काढून, मग एक भाग लोणी आणि तीन भाग बिनमिठाचं बटर असा तोडगा निघाला. खारं बटर मात्र क्रीममध्ये नको. टेबल बटरमध्ये तीन टक्क्यांपर्यंत मीठ चालतं, पाव किलोत ते जिभेला लागतं. प्रालिनला मीठ आवडतं हे खरं, पण ते आपण मोजून घालावं.

उरला उन्हाळा. बटर आणि क्रीम फेटताना दोन्ही वीस-बावीस अंशांवर हवीत, हे पुस्तक एका शब्दात सांगतं: 'खोलीच्या तापमानाला'. सांगलीच्या मेमधली खोली छत्तीस अंशांची, आणि तिथे बटर मऊ होत नाही, तुपकट होतं. अशा बटरचं क्रीम फुटत नाही, नुसतं ओघळत राहतं, कितीही फेटा. मग पहाटे पाचला उठून काम, परातीत बर्फ आणि पाणी, त्यात क्रीमचं पातेलं. फार गार होऊन दाणेदार दिसायला लागलं तर पातेल्याच्या कडेला कोमट फडकं दोन क्षण लावायचं आणि परत फेटायचं. एकदा जमलं की रेशमासारखं येतं. त्या पहाटे बीटरच्या आवाजानं भाऊ उठला आणि बर्फ बघून त्याला वाटलं कुणाला ताप आलाय.

शिजवलेलं क्रीम गार करताना डेअरीवाल्याचं एक ऐका. खोल पातेल्यात ते तासन्‌तास कोमट राहतं, आणि जिवाणूंना तेच हवं असतं. पसरट ताटात ओतायचं, वर प्लास्टिक थेट क्रीमला टेकवून लावायचं म्हणजे साय धरत नाही, वाफ गेली की लगेच फ्रीजमध्ये. दूध आणि अंडं आहे, उन्हाळ्यात यात आळस नको.

गूळ हट्टी निघाला

हेझलनट सांगलीत मिळतात, पण मिळाले ते जुने, खवट. वहिनी मात्र त्यांनाच धरून होत्या, पुस्तकात आहे म्हणून. साखर मात्र त्यांनी परस्पर बदलली होती, गूळ घालून. "सांगलीत राहून प्रालिन साखरेचं कशाला?" मार्केट यार्डाच्या गावात हा प्रश्न रास्त आहे. पण नेमकं उलटं करायला हवं होतं.

प्रालिन म्हणजे दाणे आणि कॅरॅमल एकत्र दळून केलेली पातळ पेस्ट. दळताना दाण्यातलं तेल सुटतं आणि साखरेचे बारीक कण त्यात तरंगतात. हे घडायला कॅरॅमल कोरडं, काचेसारखं तडकणारं हवं. साखर १६०-१७० अंशांच्या पुढे जाऊन रंग धरते तेव्हा तिच्यात पाणी जवळजवळ उरत नाही. गुळात मुळातच ओल असते, ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं, ते हवेतली ओलही ओढतं, आणि त्या आचेला गूळ करपून कडू होतो. म्हणून तो आधीच उतरवावा लागतो, म्हणजे पाणी आत राहतं. तेलकट पेस्टमध्ये थोडं जरी पाणी गेलं की ती आवळून गोळा होते. वहिनींच्या मिक्सरमध्ये जे झालं ते हेच. चिक्कीला गूळ उत्तम, कारण चिक्की दळायची नसते. दुधाच्या क्रीममध्येही गूळ नको, गरम दूध गुळानं फाटतं हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. गुळाचा हट्ट पुरवायचा तर कड्यावर ठेवायच्या क्राकलँ नावाच्या चकतीमध्ये. त्याकडे येतोच.

दाणे मात्र खुशाल बदलता येतात. शेंगदाणे घ्या. मंद आचेवर आतपर्यंत भाजून, चोळून, पाखडून, काळपट आणि सुरकुतलेले निवडून टाकून. एवढाच फरक ध्यानात ठेवायचा की हेझलनटमध्ये साठ टक्क्यांच्या आसपास तेल, शेंगदाण्यात पन्नाशीच्या आत. म्हणून शेंगदाण्याचं प्रालिन कोरडं राहतं. दोन-तीन चमचे घाण्याचं शेंगतेल घातलं की सरळ होतं. साखरही थोडी कमी करता येते. दाणे ६० आणि साखर ४० हे प्रमाण व्यावसायिक लोकही वापरतात, वहिनींच्या 'कमी गोड'ची हौस इथे भागली.

मिक्सरमध्ये काय होतं ते एकदा उभं राहून बघण्यासारखं आहे. कॅरॅमलमध्ये घोळलेले दाणे गार करून, तोडून भांड्यात घातले. आधी खडखडाट. मग भरड, मग कूट. कुटाला लोक थांबतात, कारण आयुष्यभर तिथेच थांबलेले असतात. पुढे फिरवत राहिलं की कूट कडेला चिकटतो, चमच्यानं खाली ढकलायचा, परत फिरवायचं. भांडं हाताला गरम लागतं, मोटारीला जरा विश्रांती. आणि मग एकाएकी तो ढेपाळतो, चकाकतो आणि पातीभोवती ओघळून फिरू लागतो. वहिनींनी बोटानं चाटून बघितलं आणि म्हणाल्या, "यात भरायला क्रीम कशाला, हेच देऊ की सगळ्यांना वाटीत."

आईचं ताट

आईला अंडं चालत नाही. ज्याच्यासाठी पदार्थ करायचा त्यालाच तो खाता येणार नाही, हे सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. बिनअंड्याची शू पेस्ट्री करून बघू, असं वहिनी म्हणाल्या. मी नको म्हटलं. कड्याच्या भिंती अंड्याच्या प्रथिनांवर उभ्या राहतात. अंडं काढून जे होईल ते काहीही होईल, पॅरिस-ब्रेस्ट होणार नाही, आणि आईसमोर चपटं काहीतरी ठेवण्यात अर्थ नाही.

उत्तर पुस्तकातच होतं, दुसऱ्या पानावर. शू पेस्ट्री सगळीकडून सारखी फुगावी म्हणून तिच्यावर क्राकलँ नावाची पातळ चकती ठेवतात: बटर, साखर, मैदा समभाग, दोन मिलिमीटर लाटून, फ्रीजरमध्ये कडक करून, कड्याच्या आकारात कापून. यात अंडं नाही. हीच चकती जरा जाड, पाच-सहा मिलिमीटर ठेवून, मैदा थोडा वाढवून सुटी भाजली की खुसखुशीत बिस्किट होतं, नानकटाईच्या कुळातलं, आणि त्यात वहिनींना कुणी हात धरणार नाही. इथे निम्म्या साखरेऐवजी गूळ पावडर चालली. रंग लवकर येतो म्हणून आच दहा अंश कमी, एवढंच. म्हणजे आईसाठी दोन गोल कडी बिस्किटाची, आणि मध्ये बिनअंड्याचं क्रीम. ते कस्टर्ड पावडरीच्या धर्तीवर, नुसतं दूध आणि कॉर्नफ्लॉवर, बलक वगळून कॉर्नफ्लॉवर जरासा वाढवलेला. बलकातलं लेसिथिन बटर आणि दुधाचं जमवून ठेवतं, ते इथे नाही. म्हणून बटर कमी घेतलं आणि प्रालिन जास्त. दाट पेस्टनं सांभाळून घेतलं, फुटलं नाही.

खरं सांगायचं तर चवीला मला हेच जास्त आवडलं. वहिनींसमोर हे बोललो नाही.

त्या दिवशी

कार्यक्रम गावभागात, जुन्या घरी होता. मुळात वहिनी घरूनच भरून नेणार होत्या. भरलेलं कडं दुपारच्या उन्हात गाडीतून नेणं म्हणजे क्रीम सीटवर नेणं. कडी आदल्या दिवशी भाजून, पूर्ण गार करून स्टीलच्या डब्यात ठेवली. क्रीम थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्यांवर. तिथल्या ओव्हनचा प्रश्नच नव्हता, म्हणून निघायच्या आधी कडी विश्रामबागेतच १५० अंशांवर सहा-सात मिनिटं परत तापवून गार केली. मे कोरडा असतो, तेवढ्यात ती परत कुरकुरली.

भरताना एक गोष्ट कळली जी पुस्तकात असण्याचं कारणच नाही. पाइपिंग बॅग तळहातात धरली की हाताच्या उबेनं क्रीम दोन-तीन मिनिटांत सैल पडतं आणि चांदणीच्या नोझलची धार पुसट होते. मग दोन बॅगा, दोन्ही अर्ध्याच भरलेल्या. एक हातात, एक बर्फावर, आलटून पालटून. वहिनी पिळत होत्या, मी बॅगा पुरवत होतो, आणि आमच्या मागे आत्या उभी राहून विचारत होती की एवढं चाललंय तर श्रीखंड का नाही केलं. तिला दोष देता येत नाही.

ताटात पडल्यावर दहा मिनिटांत खायचं. फार गार असलं तर बटर कडक लागतं, उशीर झाला तर क्रीम घरंगळतं. थंड प्रदेशात अर्धा तास मिळत असेल, सांगलीत दहा मिनिटं. दोन्ही कडी संपली. आईनं तिचं बिस्किटाचं कडं निगुतीनं तोडून खाल्लं, "दाण्याचं चांगलं झालंय," म्हणाली आणि उरलेलं अर्धं झाकून ठेवायला सांगितलं.

खर्चाचं विचाराल तर बटर आणि अंडी यापलीकडे फार काही लागलं नाही. थर्मामीटर आणि अर्ध्या ग्रॅमपर्यंतचा काटा मात्र घ्यावा. या दोन वस्तूंवाचून असल्या पुस्तकाच्या नादी लागू नये, असं मी आता येईल त्याला सांगतो.

जुलैत वहिनींनी परत केलं तेव्हा कडं भरायच्या आधीच मऊ पडलं. कृष्णेला पाणी वाढलेलं, हवा ओली, डब्यातही ओल धरते. पावसाळ्यात भाजायचं आणि त्याच दिवशी खायचं, आणि कॅरॅमल तर उघड्यावर ठेवूच नये, घटकाभरात चिकट होतं. सध्या त्यांची नजर पुस्तकातल्या पफ पेस्ट्रीवर आहे, तीही घरच्या लोण्याची. बटरचे थर लाटताना ते बारा ते सोळा अंशांच्या आसपास राहायला हवं, त्याच्या वर गेलं की पिठात मुरतं आणि थर उरत नाहीत. मी डिसेंबर म्हटलंय. त्या दिवाळी म्हणतायत. भावानं दोघांनाही एसीचं बिल दाखवलंय.